सहीखालचं प्रश्नचिन्ह

चप्पलही काढली नाहीये अजून, पण हे आधी सांगते! आमचे इतिहासाचे सर आता ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितात, आणि त्या प्रचंड खपतात. आज मी त्यांची सही घ्यायला रांगेत उभी होते. वर्गात सर फार कडक. ज्या वाक्याला जुन्या कागदाचा पुरावा नाही, त्याच्यापुढे पेन्सिलीने छोटं प्रश्नचिन्ह काढायचे. माझी अख्खी वही त्या चिन्हांनी भरलेली.

माझ्यापुढच्या आजोबांनी सरांना मोबाईलवर फोटो दाखवला. "साहेब, तुमच्या कादंबरीतला किल्लेदार आमचा पूर्वज. मरताना तो जे बोलला ना, ते आम्ही त्याच्या समाधीवर कोरून घेतलं बघा. पोरं रोज हात जोडतात तिथं."

सरांनी फोटो बोटांनी मोठा करून वाचला. मग त्यांनी सही केली आणि सहीखाली अगदी बारीक प्रश्नचिन्ह काढलं. आजोबांनी ते न बघताच पुस्तक कपाळाला लावलं.

"सर, ते वाक्य?" मी विचारलं.

"माझंच गं, मनानं रचलेलं," ते हळूच म्हणाले. "आता दगडावरचं कसं खोडू?"

आजोबा जिन्यापर्यंतच गेले होते. सरांनी हाक मारली नाही. मीही नाही. तुमचं झालंय का कधी असं? खरं माहीत होतं, माणूस समोर होता, आणि तोंडच उघडलं नाही?