दिलीपच्या दुकानातल्या ब्रेकवायरी

सोसायटीतल्या सायकलवाल्यांनी डोकं खाल्लं, "काका, दुकानातले किस्से लिहून द्या." चौथी शिकलेला माणूस मी, पाना सोडून पेन धरायला लावलं. किस्से काय, वायरीच्या तुकड्यांसारखे असतात. फेकायचे म्हणून बाजूला टाकतो आणि डबा भरतो.

*

करावे गावात माझी टपरी. दिलीप आणि मी वर्षानुवर्षं एकाच बाकड्यावर बसून पंक्चर काढली. मग त्याने खारघरला दुकान टाकलं. काचेचं, एसीवालं. बघायला गेलो तर दारात पाटी, चपला बाहेर काढा. सायकलचं दुकान आहे की देवघर? आणि एसी मात्र चांगला गार होता. तेच जास्त खुपलं.

*

डिस्क ब्रेकची वायर ज्या नळीतून जाते तिला आम्ही आउटर म्हणतो. तो हँडल पूर्ण वळवून मापायचा. दिलीप हँडल सरळ ठेवून मापतो, कारण लोंबता आउटर फोटोत वाईट दिसतो. एक बँकवाला त्याच्याकडून सायकल घेऊन निघाला. सीवूड्सच्या वळणावर हँडल फिरवलं, आखूड आउटर ताणला गेला आणि ब्रेक आपोआप आवळला. आला माझ्याकडे. "काका, ही फक्त सरळ जाते."

म्हटलं, "मग वळतोस कशाला?"

*

फ्रेमच्या आतून वायर ओढणं म्हणजे कटकट. माझी युक्ती अशी, एका भोकातून मासेमारीच्या जाळ्याचा धागा सोडायचा, दुसऱ्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा. धागा बाहेर आला की त्याला वायर बांधून ओढायची. दिलीपने त्याचा व्हिडिओ टाकला. ‘माझी पद्धत’ म्हणे. लाइक किती पडले ते मी बघितलं नाही. नातीला विचारलं फक्त. रोज.

*

मग एका रविवारी चहाच्या गाडीवर, सगळ्या रायडर लोकांसमोर दिलीप म्हणाला, "म्हाताऱ्याचे हात थरथरतात. डिस्क ब्रेक त्याच्याकडं देऊ नका, जीव जाईल कुनाचा तरी."

मी तिथेच उभा, हातात ग्लास. त्यानंतर महिनाभर डिस्कवालं एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. बायको म्हणाली, "जा, जाब विचार."

"त्याच्या दारात चपला काढायला लागतात," म्हटलं.

*

गेल्या आठवड्यात टपरीसमोर टेम्पो थांबला. दिलीपची बायको उतरली, मागून सायकल उतरवली. दिलीपची स्वतःची. सकाळी खारघरच्या डोंगरावर नेतो ती.

"भावजी, मागच्या ब्रेकची वायर बदलायची हाय. तुमीच टाका, यांनी सांगितलंय."

"वहिनी, दुकानात चार कारागीर हायेत ना?"

"हायेत. पन यांना डोंगर उतरायचा असतो."

वायर टाकली. दोनदा तपासून दिली. वहिनी चहा पिऊन गेली, तिच्याशी माझं काही वाकडं नाही. माफी यायची राहिली आहे ती एकाचीच, दिलीपची.