दोन्ही काठांच्या जखमा

बायकोलाही हे ठाऊक नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

सौंसरला माझ्या मेहुण्याची संत्री भरायची शेड आहे. हंगाम सरला की रिकामी. दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण तिथे खेळायला बसायचो. खेळ गोष्टीचा — एक जण गोष्ट सांगतो, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलतात, अडलं की फासे टाकतात. मास्टर मी. एवढ्या मोठ्या माणसांनी असलं काय खेळायचं, म्हणून लोक हसायचे. हसू देत. नियमांचं पुस्तक इंग्रजी, तेही माझ्याच मोबाइलमध्ये. एखाद्या पात्राच्या शक्तीवरून वाद झाला की मी पुस्तक उघडून मराठीत सांगायचो, आणि वाद मिटायचा. मोबाइल कधी कुणी मागितला नाही. इतका विश्वास माणसाने माणसावर टाकावा का?

संगीता सावरगावची, अंगणवाडीत काम करते. बसने यायची, मी सांगितलेला एकेक नियम वहीत उतरवायची. दोन वर्षं तिने जाईबाई नावाची एक म्हातारी वैदीण खेळवली. जाईबाईकडे एक शक्ती होती, आयुष्यात एकदाच वापरायची — आसपासच्या सगळ्यांच्या जखमा आपल्या अंगावर घ्यायच्या, आणि मरायचं. दोन वर्षांत संगीताने त्या शक्तीला हात लावला नव्हता.

शेवटची लढाई मी चार महिने रचत होतो. नदी, दोन काठांवर दोन गावं, दगडांचा मारा. आमच्या भागात दर पोळ्याला दोन काठांवरची गावं खरोखरच एकमेकांवर दगड मारतात, त्यामुळे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चार रविवार पुरेल असा बेत होता. आणि पहिल्याच दगडाला संगीता उठून उभी राहिली — "जाईबाई नदीत उतरून राहिली. दोन्ही काठच्या लोकायच्या जखमा तिच्या."

कुणाला लागणारच नसेल, तर दगड मारायचा कशाला? लढाई तिथेच संपत होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकं सुंदर मला चार महिन्यांत सुचलं नव्हतं. तिला ते त्या क्षणी सुचलं — की दोन वर्षं ती ह्याचसाठी थांबली होती? मी अजूनही थक्क होतो.

"दुश्मनायच्याही? असं होते का?" मेहुण्याने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तक उघडलं. ओळ स्वच्छ होती — आपला असो की शत्रू, सगळ्यांच्या. मी ती दोनदा वाचली. मग मान वर करून म्हणालो — फक्त आपल्या लोकांच्या.

जळलो होतो मी. दुसरं काही नाही.

मग व्हायचं तेच झालं. आमच्या काठाला दगड लागेना, समोरच्यांना लागत राहिले. चौथ्या रविवारी समोरचं गाव संपलं, आणि आमचे सगळे घाव घेऊन जाईबाईही. टाळ्या पडल्या. संगीताने जाईबाईची माहिती लिहिलेला कागद घडी करून वहीत ठेवला. "मंग म्हातारीनं लोकं मारायलेच मदत केली का, दादा?" मी हसलो. नियम आहे, म्हणालो.

आता सावरगावात ती स्वतः मास्टर आहे. त्याच वहीवरून आठ-दहा बाया खेळतात. गेल्या महिन्यात तिने मला बोलावलं, सगळ्यांसमोर मानाची खुर्ची दिली. खेळ रंगला आणि वैदीण खेळवणारी, गावात नवीनच आलेली एक सून उठून उभी राहिली. काय सांगू तुम्हाला — तेच म्हणाली. दोन्हीकडच्यांच्या जखमा माझ्या. तोच काटा पुन्हा अंगावर आला, डोळे भरून आले.

संगीताच्या चेहऱ्यावर तिचा तो जुना प्रश्न मला दिसला. मग तिने वही उघडली. "नाही होत, बाई. दादानं पुस्तकात पाहून सांगतलं हाये."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मोबाइल माझ्या खिशातच होता. मी मान डोलावली.