दाढेखालचं मेमरी कार्ड

मी आजवर दोन मेमरी कार्डं चावली आहेत. गिळलं एकही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या तीर्थपुरीत ही गोष्ट जरा वेगळीच पसरली आहे.

आमचं धान्याचं अडत दुकान. पणजोबा राजस्थानातून फक्त एक लोटा घेऊन आले (सगळ्यांचेच पणजोबा लोटा घेऊन आले असं सांगतात. कुणीतरी बादली आणली असेलच की!) आणि तेव्हापासून चार पिढ्या आम्ही दुसऱ्यांनी पिकवलेलं धान्य दाताखाली धरून पाहतो आहोत. सोयाबीनचा दाणा दाढेखाली ठेवायचा आणि दाबायचा. 'कट्' असा आवाज आला की माल कोरडा. दाणा नुसताच चेपला, की ओल आहे. ओल मोजायचं मशीनही दुकानात आहे, पण बाबूजी, म्हणजे माझे वडील, त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात. "मशीनचा सेल उतरतो, दाताचा उतरत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

ही सवय अंगात इतकी मुरली आहे की दाण्याएवढी कुठलीही वस्तू तळहातावर ठेवून कुणी "बघा" म्हटलं, तर माझा हात डोळ्यांकडे न जाता थेट तोंडाकडे जातो. शर्टाची बटणं मी चावली आहेत. सासऱ्यांच्या कानातल्या यंत्राचा सेल चावला आहे. लग्न ठरलं तेव्हा सोनाराने दाखवलेला नथीचा मोती मी सरितासमोर चावला होता. (सरिता म्हणजे माझी बायको. त्यानंतरही ती मांडवात आली, यावरून तिची हिंमत लक्षात यावी.)

मागच्या वर्षी बाबूजींना झटका आला. हलकाच होता, पण उजव्या हाताची बोटं रुसून बसली. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं हलती ठेवा, आणि दाबायला रबराचा चेंडू दिला. बाबूजींनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी "ह्याच्यातून काही निघून न्हाई राह्यलं" म्हणत समोरच्या कुत्र्याला देऊन टाकला. तेव्हा माझ्या मुलीने, पायलने, आपला जुना व्हिडिओ गेम त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांत मावेल एवढा. बटणं दाबायची आणि छोट्या पडद्यावर शेती करायची.

अशा रीतीने चौऱ्याहत्तराव्या वर्षी आमच्या घराण्यातला पहिला शेतकरी जन्माला आला! बाबूजी चहाच्या आधी नांगरट उरकायला लागले. कोंबड्यांना दाणे टाकल्याशिवाय स्वतः नाश्ता करेनात. दुकानात माल घेऊन आलेले शेतकरी गादीभोवती कोंडाळं करून बसायचे आणि सल्ले द्यायचे. त्यात नामदेवराव सगळ्यात पुढे. वीस वर्षं त्यांचं सोयाबीन आमच्याकडेच येतं.

"बाबूजी, कांद्याला पाणी लई होऊन राह्यलं."

"पानं पिवळी पडून राह्यली ना, म्हणून देतो!"

"म्हणूनच म्हणतो, जरा हात आखडा."

बाबूजींनी हात आखडला आणि कांदा सुधारला. त्यानंतर त्यांनी नामदेवरावांना विचारलं, "का हो, पाऊस न्हाई पडला तर तुम्ही लोकं करता तरी काय?" वीस वर्षांत या माणसाने आपल्याला "ओल लई आहे" याखेरीज काही म्हटलेलं नाही, हे आठवून नामदेवराव असे भांबावले की बशीतला चहा धोतरावर सांडला.

दिवाळीपर्यंत बाबूजींची बोटं चहाचा कप उचलायला लागली. सरिताने लक्ष्मीपूजनात तराजूशेजारी तो गेम ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. मी हसलो नाही. खरं तर मीही हात जोडले होते.

आणि मग कांदा अडला.

"पायल! आगं, हा कांदा मी काल काढला व्हता! आज परत जमिनीत कसा गेला?"

पायलने गेम हातात घेऊन पाहिला. "दादाजी, ह्याचं कार्ड भरलं. तुम्ही काढलेलं त्याच्यात उतरूनच न्हाई राह्यलं. बंद केलं की परत जुनंच दिसतं."

"मंग काही पुसून टाक."

"पुसायचं ते समदं पुसलं. अन् कार्ड बी म्हातारं झालंय. एखाद्या दिवशी बसलं ना, तर अख्खं शेत जाईन."

चार दिवस बाबूजींनी तोच कांदा काढला. रोज सकाळी तो जमिनीत हजर! पाचव्या दिवशी त्यांनी गेम हातातच घेतला नाही. गादीवर नुसते बसून राहिले आणि उजवा हात मांडीवर तसाच पडून राहिला. ते बघवेना. चेंडू कुत्र्याला देणारा हा माणूस आता दुसऱ्या कशाने बोटं हलवणार नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठं कार्ड आणायचं आणि त्यात सगळं शेत हलवायचं, एवढंच काम होतं. ते काम येत होतं फक्त पायलला, आणि पायल रविवारी पुण्याला होस्टेलवर निघणार होती.

"घ्यायचं तर मोठ्यातलं मोठं घे," बाबूजींनी मला बजावलं. "गोदाम कधी लहान बांधू न्हाई."

पायलने चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि 'पाचशे बारा जीबी' असं लिहून दिलं. "पप्पा, मी येते संग."

"तू ब्याग भर. तीस वर्षं झाली मला माल पारखून."

"त्याचंच तर भ्या वाटून राह्यलं," सरिता आतून म्हणाली.

गुरुवारी मी जालन्याला गेलो. दुकानात ही गर्दी! काउंटरवरच्या पोऱ्याने... पोऱ्या कसला, मालकच होता, पण दाढी अजून नीट फुटलेली नव्हती. त्याने मला पाचशे बारा जीबीचं कार्ड दाखवलं. मी म्हणालो, "पाकीट न्हाई पाहायचं मला. माल दाखवा." आमच्या धंद्यात पोत्याचं तोंड बघून कुणी सौदा करत नाही. त्याने पाकीट फाडलं. आतून निघालं नखाएवढं काळं काहीतरी! कडधान्यात जमा करावं एवढंसं. एवढ्याशा जागेत बाबूजींचं शेत, विहीर, कोंबड्या सगळं मावणार, या विचारात मी असतानाच त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "एकदम असली है काका. देख लो."

देख लो म्हणाला तो. चूक त्याची आहे.

कट्!

आवाज उत्तम आला. दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे वळली.

"काका," मालक हळूच म्हणाला, "क्या खा लिया?"

मी दाढेखालून दोन तुकडे काढले आणि तीस वर्षांच्या सवयीने निकाल दिला, "कोरडं आहे."

पैसे मुकाट्याने दिले. दुसरं द्या म्हणालो, तर कळलं की एवढं मोठं ते एकच होतं. नवा माल पुढच्या आठवड्यात. लहान चालेल का, असं त्याने विचारलं, पण माझ्या डोक्यात गोदाम बसलेलं. घरी येऊन मी "मिळालं न्हाई" एवढंच सांगितलं. तुकडे खिशात होते. बाबूजींनी मान हलवली आणि मांडीवरच्या हाताकडे बघत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी तुरीच्या कामाने शहागडला गेल्तो. हायवेच्या कडेला एक जण ट्रकवाल्यांना चार्जर, बॅटऱ्या, काळे चष्मे विकत बसला होता आणि त्याच्याकडे कार्डही होतं. साधंसुधं नाही, दोन हजार जीबीचं! आणि जालन्यापेक्षा स्वस्त! एरवी माल जास्त आणि भाव कमी दिसला की आमच्या घरातलं तान्हं मूलही सावध होतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. माझं तर तोंडच गुन्हेगार होतं! मी दोन्ही हात खिशात घातले आणि ओठ घट्ट मिटले.

"शेटजी, उघडून दाखवू का?"

मी जोरजोरात मान हलवली.

"हातात घेऊन तर पाहा!"

"न्हाई! बिलकुल न्हाई! बांधा तसंच!"

त्या माणसाला एवढं भोळं गिऱ्हाईक जन्मात भेटलं नसेल. चार पिढ्यांत पहिल्यांदा आमच्या घराण्याने माल न पारखता घेतला.

शनिवारी सकाळी पायलने ते कार्ड आपल्या लॅपटॉपला लावलं. ही पोरगीही शेवटी आमचीच. म्हणाली, शेत लगेच हलवणार नाही, आधी कार्ड गच्च भरून बघणार. दुपारपर्यंत ती त्यात काय काय ओतत होती आणि कार्ड सगळं पोटात घेत होतं. मी बाबूजींकडे विजयी मुद्रेने पाहत होतो. तेवढ्यात पायल म्हणाली, "पप्पा, हे नकली आहे."

"दोन हजार लिव्हलंय ना!"

"लिव्हलंय. पण खरी जागा एवढुशीच आहे. पुढचं टाकत गेलं की मागचं गायब होऊन राह्यलं."

मला बराबर समजलं. पोत्यात वर चार मुठी चांगला दाणा आणि खाली सगळा भुसा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात शिव्या देत नाहीत, त्यापेक्षा वाईट प्रश्न विचारतात. तो त्यांनी विचारला. "पारस, तू पारखून न्हाई घेतलं?"

मग मात्र राहवलं नाही. मी खिशातून ते दोन तुकडे काढून गादीवर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. जालना, तळहात, देख लो, सगळं. सरिताने पदर तोंडावर दाबला. पायल तुकड्यांकडे पाहतच राहिली. बाबूजींनी एक तुकडा उचलला, उजव्या हाताने, आणि गंभीरपणे विचारलं, "आवाज कसा आल्ता?"

"कट् आल्ता."

"मंग ते असली व्हतं!" असं म्हणून बाबूजी जे हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबले नाहीत. कितीतरी दिवसांनी हसत होते. माझी इज्जत गेली होती, पण त्या घडीला मी आणखी एक कार्ड खुशाल चावलं असतं.

रविवारी सकाळी आम्ही चौघं जीप करून जालन्याला निघालो. आधी कार्ड, मग पायलची गाडी. दुकानाच्या पायरीवर सरिताने माझ्या तोंडात सुपारीचं अख्खं खांड कोंबलं. "हे चघळत राहा. तोंड रिकामं ठेवू नका."

मालकाने मला पाहिलं आणि काउंटरवरच्या सगळ्या मालावर दोन्ही हात पसरले. "काका, आज घर से खाके आए ना?"

पायलने सूत्रं हातात घेतली. "एकशे अठ्ठावीसचं द्या. दादाजी, एवढं शेत तुमच्या नातवंडांना बी पुरून उरंल." बाबूजींना गोदाम लहान वाटलं, पण त्यांनी चालवून घेतलं. पायलने तिथेच लॅपटॉप उघडला आणि जुन्या कार्डातलं शेत नव्यात हलवायला घेतलं. बाबूजी स्टुलावर, आम्ही मागे उभे, आणि त्या गुरुवारची दोन गिऱ्हाइकं तमाशा बघायला पुन्हा आलेली!

"घ्या दादाजी. काढा कांदा."

बाबूजींची बोटं बटणांवर फिरली. सावकाश, पण फिरली. एकेक कांदा निघाला. पायलने गेम बंद केला. तिने पुन्हा चालू केला.

शेत रिकामं! ओळीच्या ओळी स्वच्छ!

"गेला!" बाबूजी ओरडले. "कांदा गेला!" दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रिकामं शेत बघून टाळ्या पिटणारी माणसं जालना जिल्ह्यात त्याआधी कधी झाली नसावीत. मी रडलो नाही. डोळ्यांत फक्त ओल होती.

त्या आनंदात माझी सुपारी संपली. आणि त्याच आनंदात पायलने जुनं कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. "पप्पा, हे जपून ठेवा. बघा, असं दिसतं जुनं—"

कड्!

जित्याची खोड, दुसरं काय! या खेपेचा आवाज मोठा होता. सरिताने डोळे मिटले. मालक खुर्चीवर बसला. पायलने माझ्या तोंडातून कार्ड काढलं, पुसलं, लॅपटॉपला लावलं, आणि थक्क होऊन म्हणाली, "चालू आहे! काहीच झालं न्हाई ह्याला!"

"फिर आवाज काहे का आया?" मालकाने विचारलं.

मी जिभेने चाचपून पाहिलं. डावीकडची शेवटून दुसरी दाढ, जिच्यावर आमच्या अडतीचा सगळा भरवसा होता, उभी चिरली होती.

दुकानात आता ओल मशीन मोजतं. बाबूजींनी स्वतः त्याच्यावरचा टॉवेल काढला. मोसमभर नामदेवराव रोज माझ्या दाढेची चौकशी करायला येत होते आणि जाताना फार खूश दिसत होते.

मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांकडे चिरलेल्या दाढेच्या जागी नवी बसवायला गेलो. बाबूजीही बरोबर आले होते आणि बाकावर बसून मिरचीची लागण करत होते. डॉक्टरांनी डबी उघडली, पांढरीशुभ्र नवी दाढ माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "बघा बरं, रंग जमतो का?"

मी ती उजव्या बाजूच्या दाढेखाली धरली.

कट्!

डॉक्टरांच्या हातातली डबी खाली पडली. बाबूजींनी मिरचीवरून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "कोरडी आहे. घेऊन टाक."