आत्याने ठेवलेलं नाव

भावाच्या मुलाचं बारसं घाटकोपरला होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. महाभारतातलं एक देखणं, सहसा कुणी ठेवत नाही असं नाव मी कॉलेजपासून स्वतःच्या मुलासाठी राखून ठेवलं होतं. आता लग्नाचं वय उलटलं होतं. पाळण्यावर वाकून तेच त्याच्या कानात सांगितलं, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप बुक्के मारले.

आठवड्याभरात वहिनी त्याला बंटी म्हणायला लागली. तेव्हा प्रत्येक इमारतीत एक बंटी असायचाच. अरे, नको होतं तर सांगायचं ना, मी दिलंच नसतं!

मग ऑफिसातून आल्यावर, मुलुंडच्या माझ्या खोलीचं कुलूप काढताना, मी त्या नावाने हळूच हाक मारायची. आत कुणी नसायचं. पण तिथे तरी ते माझ्या मुलाचं नाव होतं.