रामरामात अडकलेलं पाणी

त्या दुष्काळात आमच्या लातूरच्या टपरीवर चहा अर्धा कप मिळायचा आणि उदगीर जिल्हा कधी होणार यावरचा वाद पोटभर. मी तेव्हा एका कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर होतो. गावोगावहून टँकरसाठी मेसेज यायचे, ते वाचायला माणूस नव्हता. मी साहेबांना म्हणालो, "वाचायचे कशाला? स्क्रिप्ट लिहितो." लई शहाणा होतो मी.

पायथन या संगणकाच्या भाषेतल्या चार ओळी. 'पाणी' किंवा 'टँकर' असा नमुना दिला. मेसेज त्याच्याशी जुळला की गाव यादीत, नाही तर 'इतर' मध्ये. पहिल्याच दिवशी यादी निम्म्यावर आली. साहेब खूश झाले आणि मी फुगलो.

आठ दिवसांनी गावाहून आईचा फोन आला. "टँकर येऊनच न्हाई राहिला. शेजारच्या गावाहून घागरी आणून राहिले मी. गुडघा गेला बघ."

"अण्णांनी मेसेज नाही केला?"

"चार केले की."

वडिलांचे चारही मेसेज 'इतर' मध्ये सापडले. पहिला असा: 'साहेब, रामराम. आपण व मुलंबाळं खुशाल असाल. उन्हाचं जपा. आमच्या गावात आठ दिवस पाणी नाही.'

मी वापरलेलं 'मॅच' हे फंक्शन फक्त मजकुराच्या सुरुवातीला नमुना जुळतो का ते बघतं. सगळ्या मजकुरात शोधायला 'सर्च' लागतं. डोंबलाचं शिक्षण माझं! हे सगळं मला पाठ होतं, पण आमच्याकडे कुणी तोंड उघडताच पाणी मागत नाही, एवढं आठवलं नाही. 'इतर' मध्ये पानंच्या पानं रामराम पडले होते. ज्यांनी उद्धटपणे लिहिलं त्यांच्याकडे टँकर पोचले होते. मला फार लाज वाटली.

'मॅच' खोडून 'सर्च' लिहिलं. दुसऱ्या दिवशी गावात टँकर गेला. अण्णांना फोनवर सगळं हसत हसत सांगितलं.

"म्हणजे रामराम नडला म्हणा," अण्णा म्हणाले.

"आता नाही नडायचा. कुठंही लिहा, सापडतं."

"हाव," ते म्हणाले, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

त्याआधी मला मेसेज करायचे तेव्हा अण्णा 'बाळा, जेवलास का' इथून सुरुवात करायचे. पुढच्या आठवड्यात मेसेज आला: 'आईचा गुडघा सुजला. ये.'

मी तो शेवटपर्यंत दोनदा वाचला. पुढं काहीच नव्हतं.