आखणीचा हात

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी मी घरी सांगितलं, की मला मानसोपचारातच काम करावंसं वाटतं. बाबा वाल सोलत बसले होते.

"वेड्यांची नर्स? गावात बोलू नको गो. नुसतं नर्स सांग."

मी नुसतं नर्सच सांगत राहिले.

तेव्हा पेणला एका मानसोपचाराच्या ओपीडीत माझी पोस्टिंग होती. तिथे एक काका यायचे. (हे त्यांना विचारूनच लिहितेय. नाव नको, पण आखणीबद्दल नीट लिही, म्हणाले.) गणपतीच्या कारखान्यात ते आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. त्यांना आवाज ऐकू येत. औषधांनी ते थांबले होते, पण आता पुन्हा सुरू झाले होते.

"सिस्टर, गोळी तोंडात घेतात नि मोरीत थुंकतात," सोबत आलेल्या काकी म्हणाल्या. "मी काय बघत नाय?"

"मोरीत पण पहारा देतेस?" काका म्हणाले.

गोळ्या बंद करू नयेत वगैरे मी पाठ केल्यासारखं सांगू लागले. काका मान हलवत होते, पण हात टेबलाखालीच. बोलता बोलता मी थांबले आणि विचारलं, "काका, काम कसं चाललंय?"

त्यांनी हात माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती.

"गोळी घेतली की हे असं. शेठ आता मला नुसते मूर्तीखालचे पाट रंगवायला देतो. डोळा फिस्कटला की देवाचं तोंडच बदलतं. त्यापेक्षा आवाज परवडले."

"मला ठाऊक नाही, पण विचारते," एवढंच म्हटलं आणि त्यांना घेऊन आत गेले. डॉक्टरांना गोळी का थुंकली जाते ते सांगितलं. त्यांनी काकांचा हात नीट तपासला आणि औषध बदललं.

थरथर लगेच गेली नाही. पुढच्या खेपांना काका बसण्याआधीच हात पुढे करायचे. एकदा तर चिडून परत निघाले होते, काकींनी दारातून ओढून आणलं. पुढे माझी पोस्टिंग संपली.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाबांबरोबर मूर्ती आणायला गेले, तर कारखान्यात समोर काका. आमच्याच मूर्तीवर वाकलेले, हातात बारीक ब्रश.

पेशंट बाहेर भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, हे कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं. मी फळीवरच्या मातीच्या उंदरांकडे बघत राहिले. काकांनी श्वास रोखून दुसरा डोळा पुरा केला.

"बघ गो, कसा बघतो आपल्याकडं!" बाबा म्हणाले. "काय हात हाय या माणसाचा!"

काकांनी ब्रशसकट हात माझ्यापुढे धरला, ओपीडीत धरायचे तसाच. ब्रशचं टोक जागचं हललं नाही.

"ताई, जरा बाजूला व्हा. रंग लागेल."

परतताना एसटीत, तोंडावर रुमाल टाकलेली मूर्ती बाबांच्या मांडीवर होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पोरगी काय करते?"

"नर्सचं शिकते," बाबा म्हणाले.

"मनाच्या आजारांची नर्स होणार आहे," मी म्हणाले. गावच्या गाडीत, पहिल्यांदाच.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मूर्तीवरचा रुमाल सारखा केला.

"व्हय," ते म्हणाले. "तीच."