माझ्या काळजातल्या जुन्या तारा

माझ्या छातीत पेसमेकर बसवला तेव्हा आमच्या जळकोटात ती बातमी लग्नाच्या पत्रिकेपेक्षा जोरात फिरली. माझं काळीज मध्येच थबकायचं आणि मी उभ्याउभ्या खाली यायचे. मग लातूरच्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत ते चपटं मशीन ठेवलं आणि दोन तारा शिरेतून काळजात सोडल्या. लोक बघायला यायचे. मी आमच्या दुकानातली गिऱ्हाइकं सोडून त्यांना चहा पाजायचे आणि मशीन कुठं आहे ते बोटानं दाखवायचे.

आम्ही लिंगायत. पाळण्यात असल्यापासून गळ्यात लिंग. चांदीच्या डबीत महादेव, डबीला दोरा, आणि तो दोरा जीव असेपर्यंत अंगावेगळा करायचा नाही. मशीन बसल्यावर मला एक शक्कल सुचली. मी दोरा आखूड केला आणि डबी डावीकडं ओढून घेतली. आता डबी बरोब्बर मशीनवर टेकायची. काळजावर मशीन आणि मशीनवर महादेवाचा पहारा! मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते इतकं पटलं की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. चांदीच्या डबीला काठ असतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

वर्षं गेली. वाकून धान्य निवडताना, कुशीवर झोपताना डबी त्याच जागी घासत राहिली. तिथली कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली, मग लाल झाली. मालक म्हणाले उष्णता आहे, हळद लाव. लावली. एके दिवशी आंघोळीच्या वेळी बोट फिरवलं तर मशीनचा कोपरा उघडा लागला. खालून पू येत होता.

जवळच्या दवाखान्यात धुऊन, टाके घालून गोळ्या दिल्या. जखम भरली असं वाटलं आणि पुन्हा फुटली. शेवटी नांदेड गाठलं. तिथली डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिनं आधी जखम बघितली, मग माझ्या गळ्यातली डबी बघितली.

"मावशी, ही कायम इथंच असते का?"

"इथंच. का?"

"हिचा काठ घासला."

माझं डोकं सणकलं. "म्हंजी माझ्या महादेवानं भोक पाडलं म्हणून राहिलीस का?"

"महादेवानं नाही, चांदीनं," ती शांतपणे म्हणाली. मी डबी पदराआड घेतली. पण माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पहारा चांगलाच होता, जागा तेवढी चुकली.

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. पू तारांवरून आत उतरला होता. नुसतं औषध तिथं पुरं पडत नाही. मशीनही काढायचं आणि ताराही काढायच्या. पण इतक्या वर्षांत तारा शिरेला आणि काळजाला चिकटून बसल्या होत्या. कुंपणावर जुना वेल असतो, ओढला की कुंपणच सुटून येतं, तसं. म्हणून ओढायचं नाही. तारेवरून एक नळी सरकवत, चिकटलेलं थोडं थोडं सोडवत आत जायचं. तरी शीर किंवा काळीज फाटू शकतं. म्हणून छाती उघडणारे सर्जन शेजारी तयार उभे राहणार.

मालकांचा चेहरा उतरला. "वरच्यावर कापून टाका की तारा. आतलं राहू द्या आत."

"आतलं राहिलं तर रक्तात विष होईल, काका."

मी विचारलं, "तारा निघाल्यावर माझं काळीज कशावर चालंल?"

"मानेतून एक तात्पुरती तार सोडू. तिचं मशीन बाहेर राहील."

तात्पुरती! मला त्या शब्दाची भीती वाटली. छातीला भोक पडलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती. मशीन आहे म्हणून मी आहे, हे मी इतकी वर्षं धरूनच चालले होते. तरी म्हणाले, "काढा." सडत मरण्यापेक्षा ते बरं.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, अंगावरचं सगळं उतरवा. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं. दोऱ्याला मात्र हात लावू दिला नाही. "जीव गेल्यावर काढा," मी म्हणाले. सिस्टर चिडल्या, मी त्यांच्याहून चिडले. डॉक्टरीण आली. छातीवर धातू चालणार नाही, म्हणाली. मालकांनी गडबडीनं आमच्या गावच्या स्वामींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्का, लिंग अंगावर पायजे, हाव, खरं हाय. पण चांदी अंगावर पायजे असं कोण सांगितलं तुला? आन् छातीवरच पायजे असं तरी कुठं हाय? हातात घे की."

डॉक्टरीण हसली. "उजव्या हातात चालेल. कापडात गुंडाळून पट्टीनं बांधू."

चांदी बाहेर, महादेव मुठीत. रिकामी डबी मालकांच्या खिशात गेली आणि मी मूठ बांधून टेबलावर गेले.

डोळे उघडले तेव्हा मी सिस्टरवर खेकसले, "ऑपरेशन कधी चालू करणार? घसा वाळला माझा."

"झालंसुद्धा, मावशी."

डॉक्टरीण टोपीनं चपटे झालेले केस सारखे करत समोर उभी होती. "दोन्ही तारा टोकासकट आल्या. कुठंही फाटलं नाही." तिच्या आवाजात अशी खुशी होती की मला तिला कडेवर घ्यावंसं वाटलं. सर्जन म्हणे नुसतेच उभे राहून गेले. एखाद्याचं नुसतं उभं राहणं मला इतकं कधीच आवडलं नव्हतं.

मानेतल्या तारेवर काही दिवस काढले. रक्त साफ झालं. उजव्या बाजूला नवं मशीन बसवायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरीण खाटेजवळ आली आणि बाहेरच्या मशीनच्या बटणाला हात घातला. "हे हळूहळू कमी करून बघते. घाबरू नका."

मी घाबरलेच. मालकांचा हात धरून डोळे गच्च मिटले.

"मावशी, बघा तरी."

ठोके दाखवणाऱ्या पडद्यावर रेघ आडवी चालली होती. चालली, चालली, आणि उडाली. परत आडवी. परत उडाली. सावकाश, पण उडत होती.

"हे कोण चालवून राहिलं?" मी विचारलं.

"मशीन गप्प आहे. हे तुमचं तुम्हीच."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. मालक तर माझ्याहून मोठ्यानं रडत होते. डॉक्टरीणबाई म्हणाली, ठोके फार हळू आहेत, नवं मशीन लागणारच, आणि तिनं बटण पुन्हा वाढवलं.

"बसव की बाई, न्हाई कोण म्हणतं," मी डोळे पुसत म्हणाले. "पण आधी अजून एकदा बंद कर. मला बघू दे."